आधी विचारायचं तरी

सुतारकाकांनी खुर्च्यांचे सांगाडे दिले नाहीत, तेव्हा गादीवालीला त्यात काही वावगं वाटलं नाही. लाकूड ओलं आहे, म्हणाले, वाळलं की देतो. लाकूड ओलं असतं कधीकधी. मग फोमवाला शेठ म्हणाला की माल संपलाय, गाडी वाटेत अडकलीय. गाड्याही अडकतात. पण पॉलिशवाल्याने "ताई, हात मुरगळलाय, या आठवड्यात काही जमायचं नाही" असं त्याच मुरगळलेल्या हाताने डोकं खाजवत सांगितलं, तेव्हा मात्र तिला शंका आली.

ती दुकानात परत आली आणि हातातली कात्री टेबलावर आपटली.

"काय झालं, वहिनी?" नणंदेने शिलाई मशीनवरून मान वर न करताच विचारलं.

"पॉलिशवाल्याचा हात मुरगळलाय."

"कुठला?"

"त्याचं त्याला अजून ठरवता आलेलं नाही."

नणंद खुदकन हसली. गादीवालीला हसू आलं नाही.

खुर्च्या, सोफे, बाकं यांच्या बैठका भरायचं काम तिच्याकडे वडिलांकडून आलं होतं. दुकान म्हणजे एक लांबुळकी खोली. भिंतीला रेक्झिनचे गुंडाळे उभे, पोटमाळ्यावर जुन्या सोफ्यांतून काढलेल्या स्प्रिंगा, आणि जमिनीवर कितीही झाडलं तरी पायाला टोचणाऱ्या पिना. वडील गेले तेव्हा लोकांना वाटलं, ही आता दुकान विकून टाकेल. तिने विकलं नाही. लग्न झालेली नणंद घरी बसून कंटाळली होती, तिला हाताशी घेतलं आणि दोघींनी मिळून गाडा ओढला. ओढला म्हणजे चांगलाच ओढला. आसपासच्या लॉजवाल्यांना, दवाखानेवाल्यांना आता तिचंच काम लागायचं.

पण एकटीच्या जिवावर खुर्ची होत नाही. सुतारकाकांनी सांगाडा ठोकायचा, पॉलिशवाल्याने तो घासून चकचकीत करायचा, शेठने फोम द्यायचा, मग हिने पट्टे ताणून बैठक भरायची आणि भोंग्याने आपल्या टेम्पोतून गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन उतरवायची. भोंगा हे टेम्पोवाल्याचं नाव अर्थातच नव्हतं, पण तो कानात सांगितलेली गोष्टही सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा बोलून दाखवायचा, म्हणून भोंगा. या सगळ्या व्यवहारात सहीशिक्का कधी कुठे नव्हता. "काका, पुढच्या आठवड्यात सांगाडे लागतील." "लागतील ना, मिळतील." झालं. एवढ्यावर वर्षानुवर्षं गल्ली चालली होती.

गल्लीचे नियमही असेच हवेतले. दुसऱ्याचं गिऱ्हाईक ओढायचं नाही. कुणाचा माल कुठून येतो ते बाहेर बोलायचं नाही. दिलेला शब्द फिरवायचा नाही. आणि एखाद्याने यातलं काही मोडलंच, तर त्याच्याशी कुणी भांडायचं नाही. फक्त त्याच्यासाठी कुणाकडे वेळ उरायचा नाही. त्याचं लाकूड वाळायचं नाही, त्याच्या गाड्या अडकायच्या आणि लोकांचे हात मुरगळायचे.

म्हणजे आपल्याला वाळीत टाकलंय, हे गादीवालीला कळलं. का टाकलंय, ते काही केल्या कळेना.

वेळही अशी नेमकी. एका डॉक्टरीणबाईंचा नवा दवाखाना उघडणार होता आणि बाहेर बसणाऱ्या पेशंटांसाठी लागणाऱ्या सगळ्या खुर्च्या तिच्याकडून घ्यायचं ठरलं होतं. बाईंनी स्वतः दुकानात येऊन रेक्झिनचा रंग पसंत केला होता. पाठदुखीवाल्या माणसाला उठता-बसता यावं म्हणून बैठक जरा उंच हवी, हात टेकायला रुंद हवेत, असं अगदी करून दाखवलं होतं. उद्घाटनाची तारीख ठरली होती. आणि दुकानात सांगाड्याचा एक पायसुद्धा आलेला नव्हता.

ती पुन्हा सुतारकाकांकडे गेली. काका तिच्या वडिलांचे मित्र. लहानपणी त्यांच्या रंध्यातून निघणाऱ्या कुरळ्या साली गोळा करून ती केसांत माळायची, तेव्हापासूनची ओळख. गल्लीत कुणाचं काही वाकडं झालं की शेवटी काकांचाच शब्द घ्यायचे.

"काका, माझं काही चुकलंय का?"

काकांनी एका फळीला डोळा लावून तिची धार बघितली. "लाकूड ओलं आहे, पोरी."

"लाकडाचं नाही विचारत मी. माझं विचारतेय."

"ओल्या लाकडाचा सांगाडा केला तर पुढे सांधे उघडतात. तुझंच नाव खराब होईल."

"माझं नाव आधीच कशानं तरी खराब झालंय. कशानं, ते सांगा."

काकांनी फळी उलटी केली आणि दुसरी धार बघायला लागले. ती तिथे उभी राहिली. काकांनी रंधा घेतला, साली निघायला लागल्या, आवाज व्हायला लागला. त्या आवाजात बोलणार कोण आणि ऐकणार कोण? ती निघून आली.

शेठकडे गेली तर शेठ फोनवर होता. फोन कानाला लावून तो गंभीरपणे हं हं करत होता आणि तेवढ्यात तोच फोन हातात वाजला. शेठ दचकला. गादीवालीने त्याच्याकडे नुसतं बघितलं. शेठने वाजणारा फोन पुन्हा कानाला लावला आणि म्हणाला, "हं, बोला." तिला वाटलं, इथेच खाली बसून मोठ्याने रडावं, नाहीतर दुकानातला फोमचा ढिगारा त्याच्या अंगावर पाडावा. तिने यातलं काहीच केलं नाही. दुकानातून बाहेर पडताना दाराला डोकं मात्र आपटलं, तेही स्वतःचंच.

घरी नवऱ्याला सांगितलं. नवरा वीज कंपनीत मीटर तपासायला होता, स्वभावाने गरीब आणि उपदेशाला तत्पर.

"तू त्यांना सरळ विचारून का नाही टाकत?"

"विचारलं ना."

"मग काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले."

"मग काही नसेलच."

तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मुकाट्याने ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिने ठरवलं, यांच्यावाचून माझं अडतंय की काय. शहराच्या दुसऱ्या टोकाला लाकडाचा मोठा बाजार होता. नणंदेला दुकानात बसवून ती दोन बस बदलून तिथे गेली. तिथे सुतार होते, पॉलिशवाले होते, फोमचे तर डोंगर होते. फक्त तिला ओळखणारं कुणी नव्हतं.

पहिला सुतार म्हणाला, सगळे पैसे आधी. दुसरा म्हणाला, निम्मे आधी चालतील, पण कुणाची तरी ओळख आणा.

"ओळख कुणाची आणू? मी खुर्च्याच भरते, एवढी वर्षं भरतेय."

"भरत असाल हो. पण मग तुमचा नेहमीचा सुतार कुठे गेला?"

काय सांगणार? माझ्या गल्लीनं मला टाकलंय, का ते मला माहीत नाही? असं ऐकल्यावर कोण शहाणा माणूस हिच्याशी व्यवहार करेल? तिलाही करावासा वाटला नसता.

शेवटी एकाने निम्म्या आगाऊ रकमेवर काम घेतलं. सांगाडे आले तेव्हा नणंदेने पहिल्याच खुर्चीवर हात टेकला, आणि खुर्ची दारू प्यायल्यासारखी डावीकडे कलली. पायांना सालीजवळचं कच्चं लाकूड वापरलं होतं, सांध्यांत भुसा आणि डिंक भरला होता. गादीवालीने त्या सुताराला फोन केला. तो म्हणाला, "जमीन बघा, बाई. जमीन वाकडी असेल तुमची."

"जमीन वाकडी म्हणे!" फोन ठेवून ती ओरडली. "आमची जमीन वाकडी!"

"काका असते तर एका सांध्यासाठी अख्खी खुर्ची परत घेतली असती," नणंद म्हणाली.

हे खरंच होतं आणि म्हणूनच तिच्या डोक्यात तिडीक गेली. जे लोक एक सांधा ढिला निघाला तर न बोलावता दारात येऊन उभे राहतात, तेच लोक तिचं एवढं मोठं काम बुडताना बघत होते आणि तोंडातून अवाक्षर काढत नव्हते.

राहिला भोंगा. भोंग्याला खोटं बोलता येत नसे. म्हणून तो गेले काही दिवस तिच्या दुकानासमोरून टेम्पो नेताना काच वर करून, मान ताठ ठेवून, परेडला निघाल्यासारखा जायचा. गादीवालीने त्याला पेट्रोल पंपाच्या रांगेत गाठलं. दार उघडलं आणि सरळ त्याच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली.

"ताई, अहो, हे काय!"

"मी उतरणार नाही."

"मला माल उचलायला जायचंय."

"चल ना. मला कुठे काम आहे? माझं काम तुम्ही सगळ्यांनी मिळून बंद केलंय."

भोंग्याने पुढे बघितलं, मागे बघितलं. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. टेम्पो पुढे सरकला. ती हलली नाही.

"ताई, मला यात पाडू नका. काका मला कच्चा खातील."

"आणि तू नाही सांगितलंस तर मी इथेच बसून राहीन. तुझ्या बायकोला फोन करून सांगते, जेवायला एक पान वाढव."

भोंग्याने कपाळावरचा घाम पुसला. मग तो जमेल तेवढ्या हळू आवाजात बोलायला लागला, आणि पंपावरच्या पोऱ्यासकट सगळ्यांना ऐकू गेलं. "अहो, तुम्ही लॉजवाल्याला कारखान्याचा पत्ता दिलात ना!"

"कसला कारखाना?"

"शहराबाहेरचा, मशीनवर खुर्च्या करणारा. लॉजवाला काकांचं जुनं गिऱ्हाईक. त्याने आता सगळ्या खोल्यांच्या खुर्च्या तिथून घेतल्या. काकांना एका शब्दाने विचारलं नाही. आणि त्याच्या आदल्या आठवड्यात तुम्ही त्याच्या गाडीतून उतरताना पॉलिशवाल्याने बघितलंय."

गादीवालीला आधी काही आठवेचना. मग आठवलं. लॉजच्या बैठकखोलीतला सोफा फाटला होता, त्याचं माप घ्यायला ती गेली होती. तिथे असतानाच नणंदेचा फोन आला होता, सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या म्हणून. ती धावतपळत निघाली तेव्हा लॉजवाल्याने गाडी काढली होती आणि तिला सासूबाईंना नेलेल्या दवाखान्यापर्यंत सोडलं होतं. वाटेत तो काही बोलला असेल तर तिला त्यातलं अक्षरही आठवत नव्हतं. ती सबंध वेळ देवाचं नाव घेत होती.

"याच्यासाठी?" ती म्हणाली. "मी एका गाडीतून उतरले म्हणून?"

"आता मला काय माहीत, ताई. बाकावर ठरलं."

बाक म्हणजे गल्लीच्या तोंडाशी चहावाल्याने ठेवलेला बाक. सकाळी दुकानं उघडायच्या आधी सगळे तिथे टेकायचे. कोणतं गिऱ्हाईक पैसे बुडवतं, कुणाकडे काम जास्त झालंय, कुणाकडून काय घ्यावं आणि कुणाला काय देऊ नये, सगळं तिथेच ठरायचं. गादीवाली त्या बाकावर कधी बसली नव्हती. बसू नको असं तिला कुणी म्हटलं नव्हतं, पण बस असंही कुणी म्हटलं नव्हतं. तिचा चहा दुकानात यायचा. वडील होते तोवर बाकावरची बातमी त्यांच्याबरोबर घरी यायची. नंतर ती यायची थांबली, आणि हे तिच्या आज लक्षात येत होतं.

त्या रात्री तिने लॉजवाल्याला फोन केला आणि सकाळी नवऱ्याच्या आधी घराबाहेर पडली.

बाकावर सगळे होते. सुतारकाका टोकाला, मधे शेठ, पॉलिशवाला ग्लासात पाव बुडवत होता, भोंगा टेम्पोला टेकून उभा. तिला येताना बघून भोंगा खाली वाकला आणि टायर तपासायला लागला.

"सरका," ती शेठला म्हणाली.

शेठ सरकला. ती बसली. चहावाल्याला म्हणाली, "एक चहा." चहावाल्याने काकांकडे बघितलं. "त्यांच्याकडे काय बघतोस? पैसे मी देणार आहे."

मग तिने पर्समधून फोन काढला, नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन बाकावर ठेवला.

"हां, बोला ताई," लॉजवाल्याचा झोपाळू आवाज आला. "रात्री सांगितलं ना सगळं?"

"पुन्हा एकदा सांगा. तुम्ही त्या कारखान्याकडून खुर्च्या का घेतल्या?"

"अहो, मेव्हण्याचाच कारखाना आहे तो! बायकोने जीव खाल्ला, भावाकडून घेत नाही, परक्यांना पोसतोस म्हणून. घेतल्या शेवटी. आता एकेकीचा हात हातात येतोय, कुणाला सांगता सोय नाही."

"मी तुम्हाला काही पत्ता दिला होता?"

"तुम्ही? मेव्हण्याचा पत्ता मला तुम्ही कशाला द्याल? माझं लग्नच त्या घरात झालंय!"

"बरं. ठेवते."

तिने फोन उचलून पर्समध्ये टाकला. पॉलिशवाल्याचा पाव ग्लासात विरघळून तळाला गेला. चहावाला पातेल्यात चमचा ढवळत राहिला. ती वाट बघत होती. तिला काही फार नको होतं. एक वाक्य पुरलं असतं. चुकलं आमचं, ताई. एवढंच. पॉलिशवाल्याने म्हटलं असतं तरी चाललं असतं.

काकांनी घसा खाकरला. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"चहा गार होतोय तुझा," काका म्हणाले.

आणि सगळे उठले. शेठने शटर वर केलं, पॉलिशवाल्याने बूड झटकलं, भोंग्याने टेम्पो सुरू केला. बाकावर ती एकटीच राहिली, हातात भरलेला ग्लास घेऊन.

त्याच दिवशी दुपारी लाकूड वाळलं. काकांचा माणूस सांगाडे घेऊन आला, एकेक असा की वर हत्ती बसवावा. शेठची अडकलेली गाडी पोचली आणि फोम आला, तोही नेहमीपेक्षा जाड. पॉलिशवाला स्वतः काखेत डबे मारून हजर झाला आणि दोन्ही हातांनी धडाधड कामाला लागला.

"हात बरा झाला वाटतं?" नणंदेने विचारलं.

"हो, शेकला जरा," पॉलिशवाला म्हणाला आणि खाली मान घालून घासत राहिला.

गादीवालीला तो फोम उचलून रस्त्यावर फेकून द्यावासा वाटत होता. पण तारीख तोंडावर आली होती. ती पट्टे ताणत होती, पिना ठोकत होती आणि प्रत्येक पिनेबरोबर कुणाला तरी मनातल्या मनात दोन शब्द सुनावत होती. बैठका त्यामुळे फार घट्ट झाल्या. नणंदेला काही सोडवून पुन्हा भरायला लागल्या.

इतकं करूनही सगळ्या खुर्च्या वेळेत झाल्या नाहीत. झाल्या तेवढ्या घेऊन ती भोंग्याच्या टेम्पोतून दवाखान्यात गेली, तर खोलीची अर्धी बाजू आधीच भरलेली. मोठ्या रस्त्यावरच्या शोरूममधून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, निळ्या, एकीत एक अडकवता येणाऱ्या.

"मी थांबू शकत नव्हते हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच जास्त लागलं. "तुम्ही चांगलं काम करता असं ऐकलं होतं. काम चांगलंच आहे. पण उरलेल्या आता नकोत."

तिने काय सांगायचं होतं? सासूबाई पडल्या म्हणून मी एका गाडीत बसले आणि म्हणून तुमच्या खुर्च्या झाल्या नाहीत? तिने नुसतं बरं म्हटलं. एक म्हातारी बाई आत आली आणि जवळच्याच निळ्या खुर्चीवर बसली. खुर्ची मागे वाकली. गादीवालीला सांगावंसं वाटलं, आजी, इकडे बसा, ही उंच आहे. पण तिने पर्स उचलली आणि बाहेर पडली.

परत येताना ती घरी गेली नाही. सरळ सुतारकाकांकडे गेली आणि त्यांच्या हातातला रंधा काढून बाजूला ठेवला. त्यांनी तिला एक ठोकळा बसायला पुढे सरकवला. ती बसली नाही.

"अर्धं काम गेलं, काका."

"ऐकलं मी."

"तुम्ही माझ्या बापाचे मित्र. मला एका शब्दानं विचारायचं नाही?"

काकांनी पंच्याने हात पुसले. बराच वेळ पुसले. "विचारलं असतं, तर तू नाहीच म्हणाली असतीस."

"कारण मी केलंच नव्हतं!"

"करणाराही नाहीच म्हणतो, पोरी."

"मग न करणाऱ्यानं काय म्हणायचं?"

काकांनी पंचा खांद्यावर टाकला. मग ते सावकाश बोलायला लागले. "हे बघ, आपल्यामागे कोण आहे? वकील परवडत नाही. पोलिसांकडे गेलं तर ते आपल्यालाच बसवून ठेवतात. उद्या कुणी कुणाचं गिऱ्हाईक पळवलं, तर आपण करणार काय? आपल्या हातात एवढंच आहे, त्याच्याशी काम बंद करायचं. म्हणून तर लोक शब्द पाळतात. म्हणून तुला मी सांगाडा नुसत्या सांगण्यावर देतो. त्या पलीकडच्या बाजारात दिला का कुणी?"

"नाही दिला," ती म्हणाली. हे मान्य करायला लागलं याचाही तिला राग आला. "पण त्यांनी निदान तोंडावर सांगितलं, विश्वास नाही म्हणून. तुम्ही सांगितलं, लाकूड ओलं आहे."

काकांनी जमिनीवरच्या साली पायाने एका बाजूला केल्या.

"चुकलं म्हणा, काका. एकदा."

"झालं गेलं. आता सगळं सुरळीत झालंय ना? मग कशाला उकरतेस?"

"झालं गेलं तुमचं. माझं गेलंच आहे."

काकांनी कोपऱ्यातली एक सुंदर आरामखुर्ची दाखवली, फक्त बैठक भरायची राहिलेली. "ही तुझ्या दुकानात ठेव. गिऱ्हाइकांना बसायला. माझ्याकडून." म्हाताऱ्याचे डोळे पाणावले होते. पण ते दोन शब्द त्याच्या तोंडातून निघेनात. जणू ते काढले तर त्याच्या हातांनी जोडलेले गल्लीतले सगळे सांधे उघडले असते. तिला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून आणखीच चीड आली. तिने खुर्ची घेतली नाही.

"मग आता काय?" रात्री जेवताना नवऱ्याने विचारलं. "त्यांच्याशी काम सोडणार?"

"सोडून कुठे जाऊ? वाकड्या जमिनीच्या सुताराकडे?"

"मग धरणार?"

"धरायलाच लागतंय, हेच तर दुखणं आहे!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की आतल्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, आता कोण पडलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा बाकावर जाऊन बसली. तिसऱ्या दिवशीही. पुरुषांची पंचाईत झाली. ती आली की गप्पा आटायच्या. शेठ उन्हाबद्दल बोलायचा, पॉलिशवाला उन्हाला हो म्हणायचा. तो चहाही काही प्यावा असा नव्हता, नुसता साखरेचा पाक. नणंद म्हणाली, "वहिनी, कशाला जाता? कामाचा खोळंबा." खोळंबा होतच होता. पण ती जात राहिली. जिथे आपल्याबद्दल ठरतं तिथे आपला एक कान तरी असावा, एवढंच तिला कळत होतं. हळूहळू त्यांना तिची सवय झाली, म्हणजे ती बसलेली असतानाही ते पुन्हा बोलायला लागले.

एका सकाळी शेठ आवाज खाली आणून म्हणाला, "आपला आरसेवाला हल्ली शोरूमच्या मालकाबरोबर दिसतो. दोनदा दिसला."

पॉलिशवाल्याने अर्थपूर्ण हूं केलं. भोंगा म्हणाला, "मग मी त्याच्या काचा आता..." आणि काकांकडे बघून थांबला.

"त्याला विचारलं का कुणी?" गादीवाली म्हणाली.

सगळे आपापल्या ग्लासात बघायला लागले.

"मी विचारतेय, त्याला विचारलं का?"

"विचारलं तर तो काय हो म्हणणार आहे?" शेठ वैतागून म्हणाला.

"नाही म्हणेल. ते तरी ऐका. आणि मग काय ते ठरवा."

"ताई, तुम्ही आता प्रत्येक गोष्टीत..." पॉलिशवाला म्हणायला लागला.

काकांनी हात वर केला. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही, समोरच्या बंद शटरकडे बघत म्हणाले, "एवढं वाटतं, तर तूच जा विचारायला."

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. दुकानात एक सोफा उघडा पडला होता, गिऱ्हाईक दुपारी यायचं होतं, नणंद एकटी होती. आरसेवाला गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला, तोंडाने तिखट, सकाळी सकाळी तर कुणाशीच नीट बोलत नसे. हा विचारायचा धंदा तिच्या गळ्यात कुणी मारला होता? तिनेच मारून घेतला होता.

"जाते," ती म्हणाली. "आणि मी येईपर्यंत कुणी काही ठरवायचं नाही."

"बरं," काका म्हणाले.

उरलेला चहा तिने गटारात ओतला, ग्लास आदळला आणि मनातल्या मनात सगळ्यांच्या नावाने बोटं मोडत आरसेवाल्याच्या दुकानाकडे निघाली.